पद्मिनीच्या मागच्या एक्सलचं ऑइल सील: बदलायचं कसं आणि पुन्हा पुन्हा का जातं

मागच्या चाकाच्या आतल्या बाजूने टायरवर काळपट ओघळ दिसला की गॅरेजमध्ये निदान ठरलेलं असतं. ‘सील गेलंय, उद्या घेऊन या, बदलून देतो.’ सील बदललं जातं, गाडी काही महिने कोरडी राहते आणि मग तोच ओघळ, त्याच चाकावर. मालक सील बनवणाऱ्याला शिव्या घालतो, मेकॅनिक रस्त्यांना. एक्सलमधली हवा बाहेर सोडणाऱ्या ब्रीदरकडे मात्र कोणी पाहिलेलं नसतं.

ऑइल सील म्हणजे लोखंडी कड्यात बसवलेला रबराचा पातळ ओठ. मागे बारीक स्प्रिंग असते आणि तिच्या जोरावर तो फिरणाऱ्या शाफ्टला हलकेच टेकून राहतो. आतून दाब आला, बेरिंग डगमगू लागलं किंवा शाफ्टला खाच पडली, तर सील कितीही महागाचं असो, त्याचं काही चालत नाही. म्हणून सील ठोकण्यापेक्षा त्याच्या आसपासच्या गोष्टींवरच इथे जास्त लिहिलं आहे.

उदाहरणाला प्रीमियर पद्मिनी घेतली आहे, म्हणजे १९६४ पासून आपल्याकडे ‘डिलाइट’ नावाने मिळू लागलेल्या फियाट ११०० डीचंच पुढचं नाव. मुंबईत अजूनही आढळणारी ही जुनी गाडी, शिवाय कुर्ल्याच्या कारखान्यातली, म्हणजे घरचीच. ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी म्हणून रस्त्यावरून हटली आणि तिच्यावर हात बसलेले फिटरही हळूहळू दुसऱ्या कामांना लागले. त्यामुळे हे काम स्वतःला येत असणं, किंवा निदान समोर उभं राहून करून घेता येणं, आता जास्त गरजेचं झालं आहे. एक्सलच्या शाफ्टवरच बेरिंग दाबून बसवलेल्या इतर जुन्या गाड्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल. ज्यांचा ड्रम आणि हब निमुळत्या शाफ्टवर चावी (लोखंडी पाचर) घालून मोठ्या नटाने आवळलेला असतो, त्यांना वेगळा जबर पुलर (ओढून काढणारं हत्यार) लागतो. तिथे हातोडी चालवू नका.

आधी नक्की करा, गळतंय काय

ब्रेकच्या ड्रममधून दोन गोष्टी गळू शकतात: एक्सलचं गिअर ऑइल किंवा व्हील सिलिंडरमधलं (चाकातला ब्रेक दाबणाऱ्या नळकांड्यातलं) ब्रेक ऑइल. दोन्ही काळ्या धुळीत मिसळून सारखीच दिसतात. बोटावर घेऊन चोळा. गिअर ऑइल जाड, चिकट असतं आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो. तो वास एकदा नाकात बसला की विसरत नाही. ब्रेक ऑइल पातळ असतं आणि पाण्याने धुऊन जातं, गिअर ऑइल पाण्याला दाद देत नाही. मास्टर सिलिंडरच्या डबीतली पातळी उतरली असेल तर आधी व्हील सिलिंडर बघा. एक्सल उपसायची गरजच पडणार नाही.

ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते का, तेही पाहून ठेवा. लायनरला (ड्रमला घासणाऱ्या ब्रेकच्या अस्तराला) तेल लागलं की ते चाक कधी पकडतच नाही, तर कधी अचानक आवळतं. असं होत असेल तर ‘रविवारी बघू’ म्हणू नका. गाडी उभी करा.

ब्रीदर

हाउसिंगच्या, म्हणजे एक्सलभोवतीच्या लोखंडी कवचाच्या, वरच्या बाजूला बोटाच्या पेराएवढी एक लहानशी टोपी असते. तो ब्रीदर. गाडी चालली की एक्सलमधलं तेल तापतं, आतली हवा फुगते आणि इथून बाहेर पडते. वर्षानुवर्षांची माती, ग्रीस आणि रंगकाम करताना मारलेला स्प्रे यांनी ही टोपी लिंपून जाते. मग फुगलेली हवा सगळ्यात कमजोर जागा शोधते, आणि ती जागा म्हणजे सील. दोन्ही चाकांकडून एकाच वेळी गळत असेल, किंवा लांबच्या फेरीनंतर जास्त गळत असेल, तर पहिला संशय ब्रीदरवर.

मुंबईत या गोष्टीला दुसरी बाजू आहे. तापलेला एक्सल हिंदमाताच्या किंवा मिलन सबवेच्या गुडघाभर पाण्यात उतरला की झटकन थंड होतो, आतली हवा आकसते आणि एक्सल पाणी आत ओढतो. ब्रीदरमधून ओढतो आणि ब्रीदर तुंबलेला असेल तर सीलच्या ओठाखालून. तेलाचा रंग मग दूध घातलेल्या चहासारखा होतो. असं तेल बेरिंग आणि गिअर दोन्ही खातं. पाण्यातून गाडी काढावी लागली असेल तर गळती असो वा नसो, तेल तपासाच.

ब्रीदर काढून रॉकेलमध्ये भिजत ठेवा, बारीक तार फिरवा, फुंकून पाहा. हवा जायला हवी. भोकाच्या आजूबाजूची माती ब्रीदर काढण्याआधी पुसून घ्या, नाहीतर ती सरळ आत पडेल.

सामान

सील नागदेवी स्ट्रीटला मिळतं. बेरिंग आणि सील विकणारी दुकानं तिथे ओळीने आहेत. पद्मिनीचेच भाग म्हणून हवे असतील तर ऑपेरा हाउसचा स्पेअर पार्ट बाजार किंवा कुर्ल्याचा सीएसटी रोड. फक्त ‘पद्मिनीचं मागचं सील द्या’ एवढ्यावर काउंटरवर विसंबू नका. जुनं सील हातात घेऊन जा, त्यावरचा नंबर पुसला गेला असेल तर व्हर्नियरने (बारीक मापाच्या पट्टीने) तीन मापं घ्या: शाफ्टची जाडी, हाउसिंगच्या भोकाचा व्यास आणि सीलची रुंदी. नव्या सीलवर ही मापं याच क्रमाने मिलिमीटरमध्ये छापलेली असतात. शाफ्टचं माप सीलचा ओठ जिथे टेकतो तिथे, पण न झिजलेल्या भागावर घ्या.

सील दुकानातच उघडून पाहा. ओठाची कड अखंड हवी, स्प्रिंग खोबणीत नीट बसलेली हवी, आणि रबर नखाने दाबलं की लगेच परत यायला हवं. वर्षानुवर्षं फडताळात पडलेलं सील कडक झालेलं असतं; ‘ओरिजनल जुना स्टॉक’ हे ऐकून हुरळून जाऊ नका. साधं नायट्राइल रबर या कामाला पुरतं. धुळीसाठी जादा ओठ असलेलं सील त्याच मापात मिळालं तर आपल्या रस्त्यांवर ते बरं.

सीलबरोबर या वस्तूही आणा: बेरिंग आणि त्याची लॉक कॉलर (बेरिंगमागचं घट्ट कडं), रिटेनर प्लेटचं (बेरिंग जागेवर धरणाऱ्या पत्र्याचं) पॅकिंग, ब्रेक क्लीनर, आणि हायपॉइड (एक्सलमधल्या तिरक्या दातांच्या) गिअरला चालणारं ईपी ९०, म्हणजे जादा दाब सोसणारं, तेल. लायनर भिजलेले असतील तर दोन्ही चाकांचा पूर्ण सेट. सामान एका चाकाचं आणू नका. एका बाजूचं सील वयाने गेलं असेल तर दुसरं त्याच वयाचं आहे.

हत्यारांत सॉकेट सेट आणि लांब एक्स्टेन्शन, दोन मजबूत स्टँड, स्लाइड हॅमर (सरकत्या वजनाच्या ठोक्याने ओढणारं हत्यार), सील काढायचा आकडा आणि व्हर्नियर. स्लाइड हॅमर विकत घेण्यापेक्षा ओळखीच्या गॅरेजमधून दिवसभरासाठी मागून आणणं शहाणपणाचं.

गाडी उचलणं

सोसायटीच्या आवारात काम करणार असाल तर जमीन बघा. पेव्हर ब्लॉकवर स्टँडचा पाय टेकला की ब्लॉक तिरका होतो किंवा खाली जातो. प्रत्येक स्टँडखाली जाड फळी घाला. मागची दोन्ही चाकं वर जाणार आहेत, म्हणून हँडब्रेकवर भरवसा ठेवून उपयोग नाही. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. स्टँड एक्सलच्या नळीखाली घ्या आणि गाडी जोरात हलवून पाहिल्याशिवाय खाली हात घालू नका. नुसत्या जॅकवर तर अजिबात नाही. खाली पुठ्ठे आणि जुनी वर्तमानपत्रं पसरा. तेलाच्या डागावरून सेक्रेटरीशी होणारा वाद हा या कामातला सगळ्यात लांबणारा भाग असतो.

चाक काढायच्या आधी दोन्ही हातांनी वर-खाली धरून हलवा. ‘टक’ असा आवाज आला तर बेरिंग सैल आहे, आणि तसं असेल तर फक्त सील बदलणं म्हणजे वेळ वाया घालवणं.

आता तेल. खालचा ड्रेन प्लग उघडण्याआधी भरायचा प्लग सुटतोय याची खात्री करा. पन्नास वर्षांचा गंजलेला प्लग न सुटल्यामुळे एक्सल रिकामा आणि गाडी स्टँडवर अडकलेली, असं बघायला मिळतं. तेल कोमट असताना सोडा, पटकन निघतं. निघालेलं तेल उजेडात बघा. ड्रेन प्लगवर बारीक काळी लुकण चालते. चमकणारे तुकडे निघाले तर प्रश्न सीलच्या पुढे गेला आहे.

ड्रम आणि एक्सल

चाक काढल्यावर ड्रम धरून ठेवणारे स्क्रू सुटतात का पाहा. ते बहुधा जाम असतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा आणि इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा. साध्या पेचकसने खाच उडाली की ड्रिल मारण्यावाचून गत्यंतर नाही. ड्रम हटत नसेल तर ब्रेक अॅडजस्टर सैल करा, मग कडेने लाकडी किंवा रबरी हातोडीने फिरत फिरत ठोका. बिडाच्या ड्रमवर लोखंडी घण मारू नका.

ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवायची सवय आपल्याकडे सर्रास आहे. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसात गेलं की बाहेर येत नाही. ब्रेक क्लीनर मारून ओल्या चिंधीने पुसा.

एक्सलच्या फ्लँजमध्ये (टोकाच्या रुंद चकतीत) असलेल्या भोकातून एक्स्टेन्शन घालून रिटेनर प्लेटचे चार नट सोडवता येतात. एक नट, फ्लँज थोडा फिरवा, पुढचा नट. सगळे सुटल्यावर ब्रेकची बॅकप्लेट (मागची तबकडी) मोकळी होते. ती ब्रेकच्या पाइपच्या आधारावर लोंबकळू देऊ नका, पाइप पिचतो. एक्सल निघाला की लगेच दोन नट परत लावून प्लेट जागेवर धरा. मध्ये शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) असतील तर कोणत्या बाजूच्या किती, ते त्याच वेळी लिहून ठेवा.

एक्सल ओढायला स्लाइड हॅमर फ्लँजला बांधा आणि दोन-चार सरळ ठोके द्या. बेरिंग हाउसिंग सोडतं तेव्हा आवाजातच फरक कळतो. तिथून पुढे हॅमर बाजूला ठेवून शाफ्ट दोन्ही हातांनी सरळ बाहेर काढा, वजन खाली पडू देऊ नका. आतल्या टोकाच्या दातांना धार असते. आत थोडं तेल राहिलेलं असतंच. नळीच्या तोंडाखाली परात ठेवा.

शाफ्ट आणि बेरिंग: इथे घाई नको

शाफ्ट रॉकेलने धुऊन कोरडा करा आणि सीलचा ओठ जिथे टेकत होता तो पट्टा शोधा. चकचकीत रेघ दिसेल. त्या रेघेवरून नख आडवं फिरवा. नख नुसतं सरकलं तर बारीक पॉलिश पेपरने गोल फिरवत साफ करा. शाफ्टच्या लांबीच्या दिशेने घासू नका, त्या ओरखड्यांतूनच तेल बाहेर चढतं. नख अडकलं तर नवं सील तिथे टिकणार नाही. त्यावर दोन उपाय आहेत. हाउसिंगमध्ये जागा असेल तर नवं सील एक-दोन मिलिमीटर पुढे-मागे बसवायचं, म्हणजे ओठ न झिजलेल्या जागी टेकेल. नाहीतर शाफ्टवर चढणारी पातळ स्टीलची स्लीव्ह घालायची. तिसरा उपाय गॅरेजवाले सुचवतात तो म्हणजे खाचेत वेल्डिंग भरून लेथवर उतरवणं. एक्सलच्या शाफ्टवर वेल्डिंग करू देऊ नका. उष्णतेने पोलाद तिथे ठिसूळ होतं आणि एक्सल नेमका त्याच जागी तुटतो.

बेरिंग बोटाने फिरवा. खरखर, अडखळणं किंवा गंजाचा तपकिरी रंग दिसला तर ते गेलं. खरं तर एवढं उघडल्यावर जुनं बेरिंग परत घालण्यात काटकसर नाही. नवं घेताना जुनं उघडं होतं की झाकलेलं आणि कोणत्या बाजूने झाकलेलं ते पाहून तसंच घ्या, कारण उघडं बेरिंग एक्सलच्या तेलावर जगतं आणि झाकलेलं स्वतःच्या ग्रीसवर.

बेरिंगच्या मागे जी लॉक कॉलर असते तिच्याबद्दल सविस्तर सांगायला हवं. या रचनेत चाक फ्लँजला, फ्लँज शाफ्टला, आणि शाफ्ट गाडीला धरून असतो तो केवळ या घट्ट बसलेल्या कड्यामुळे. कॉलर सरकली तर चाक एक्सलसकट बाहेर येतं. ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर मागचं चाक गाडीला ओव्हरटेक करतंय, हे विनोदाने सांगितलं जाणारं दृश्य याच कारणाने घडतं. त्यामुळे एकदा काढलेली कॉलर पुन्हा वापरायची नाही. जुनी काढताना तिच्यात ड्रिलने भोक घ्यायचं, पण शाफ्टपर्यंत न जाता, आणि मग छिन्नीच्या एका घावाने ती फोडायची. शाफ्टला छिन्नीचा चरा पडता कामा नये.

नवं बेरिंग आणि कॉलर बसवायला चांगला हायड्रॉलिक प्रेसवाला गाठा. हे काम हातोडीचं नाही. त्याच्याकडे जाण्याआधी एक गोष्ट तपासा: रिटेनर प्लेट शाफ्टवर आधी चढवली आहे ना, आणि योग्य तोंडाने? बेरिंग बसल्यावर ती चढत नाही, आणि मग नवी कॉलर फोडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. दाब बेरिंगच्या आतल्या कड्यावरच यायला हवा. कॉलर तापवून घालायची असेल तर फक्त कॉलर तापवा, बेरिंगवर गॅसची ज्योत धरू देऊ नका. कॉलर बेरिंगला पूर्ण भिडली की नाही हे कागदाचा कपटा सरकवून पाहता येतं. कपटा आत गेला तर प्रेसवाल्याला पैसे देण्याआधी काम परत करून घ्या.

सील काढणं, बसवणं

जुनं सील काढण्याआधी ते हाउसिंगच्या कडेपासून किती आत आहे हे व्हर्नियरच्या शेपटीने मोजून घ्या आणि तोंड कुठल्या बाजूला आहे त्याचा फोटो काढा. मग आकडा घालून ओढा. आकडा नसेल तर मोठा पेचकस चालतो, पण त्याखाली लाकडाचा तुकडा घ्या. हाउसिंगच्या भोकाला ओरखडा पडला तर सीलच्या बाहेरून गळती सुरू होईल, आणि ती शोधणं जास्त जिकिरीचं. काही गाड्यांत बेरिंगच्या बाहेरच्या बाजूलाही दुसरं सील असतं. जसं निघेल तसंच परत जायला हवं.

भोक चिंधीने पूर्ण कोरडं करा. नव्या सीलच्या ओठाला गिअर ऑइल चोळा. कोरडा ओठ पहिल्या किलोमीटरमध्येच भाजतो. बाहेरच्या लोखंडी कड्याला सीलंटचा अगदी पातळ हात पुरे. स्प्रिंगची बाजू तेलाकडे, म्हणजे गाडीच्या मध्याकडे. सीलपेक्षा किंचित लहान व्यासाचा सपाट पाइप किंवा जुन्या बेरिंगचं बाहेरचं कडं सीलवर ठेवा आणि हलक्या ठोक्यांनी आत न्या. दर दोन-तीन ठोक्यांनी चारही बाजूंची खोली मोजा. तिरकं गेलेलं सील सरळ करण्याच्या भानगडीत पडू नका. काढा आणि दुसरं घ्या, म्हणूनच खरेदी करताना एक जादा आणलेलं बरं.

यानंतर एक्सल आत सरकवणं. सगळी मेहनत वाया जाण्याची शक्यता याच अर्ध्या मिनिटात सर्वात जास्त असते. दातांना गिअर ऑइल लावा, एका हाताने शाफ्ट मध्यभागी तोलून धरा आणि सीलच्या ओठावर टेकू न देता आत न्या. दुसऱ्या माणसाने टॉर्च धरला तर फार सोपं जातं. टोक डिफरन्शियलला लागलं की शाफ्ट हलकेच फिरवा; दात जुळले की तो आपोआप पुढे जातो. शेवटचा भाग बेरिंगचा, तिथे फ्लँजवर लाकूड ठेवून हलके ठोके. नवं पॅकिंग, शिम जशा होत्या तशा, आणि चार नट समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे आवळत.

ब्रेक, तेल आणि पहिली फेरी

तेल प्यायलेले लायनर पेट्रोलने धुऊन किंवा जाळून परत घालायची पद्धत अजून चालू आहे. करू नका. वरून कोरडे दिसले तरी तापले की आतलं तेल पुन्हा वर येतं. दोन्ही चाकांचे लायनर एकत्र बदला, ड्रम ब्रेक क्लीनरने धुवा, अॅडजस्टर दोन्हीकडे सारखा करा.

तेल भरताना गाडी सपाट असायला हवी. फक्त मागची बाजू उचललेली असेल तर पातळी चुकीची दिसते. भरायच्या भोकाच्या काठापर्यंत तेल आलं आणि थोडं ओघळून थांबलं की बास. ‘थोडं जास्त असू दे’ म्हणून वर ओतलेलं तेल फेसाळतं आणि सीलवर चढतं. साफ केलेला ब्रीदर परत लावायला विसरू नका.

पहिली फेरी सकाळी लवकर, मोकळ्या रस्त्यावर आणि हळू. थोड्या अंतरावर थांबून दोन्ही मागच्या ड्रमजवळ हात न्या. दोन्ही सारखे कोमट असतील तर ठीक. एकच चटका देत असेल तर ब्रेक घासतोय किंवा बेरिंग आवळलंय. घरी आल्यावर ड्रमखाली पांढरा कागद रात्रभर ठेवा. जुनं तेल बॅकप्लेटच्या सांध्यांत अडकलेलं असतं, त्यामुळे पहिल्या दिवशी एखादा थेंब पडला तर घाबरू नका. पुसा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कागद ठेवा. दोनशे-तीनशे किलोमीटर झाल्यावर रिटेनर प्लेटचे नट आणि तेलाची पातळी परत एकदा बघा, आणि ब्रीदर दर पावसाळ्याच्या आधी व नंतर.

काढलेलं तेल गटारात ओतू नका. रिकाम्या डब्यात भरून जुनं तेल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या. बहुतेक जण घेतात.